चादरींचं टेंडर आणि माझी धाकटी जाऊ

प्रमिला, मरणातसुद्धा तू माझ्या पुढे गेलीस. मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, बीपी माझं, गुडघे माझे, पित्ताच्या गोळ्यांचा डबा माझा. डॉक्टर माझा रिपोर्ट पाहून उसासे टाकायचा आणि तुला म्हणायचा, "आप तो लड़की लगती हैं." आणि एका मंगळवारी सकाळी कापडाचा तागा उचलता उचलता तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. पंधरा दिवस झाले. जलदान विधी झाला, पाहुणे नागपूरच्या गाडीत बसून गेले, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. रडायला बसते आणि मध्येच आठवतं, इथंही हिनं नंबर लावला, मोठीला न विचारता.

तुझ्या मागून चालणारी माणसं विकास नगरच्या वळणापासून थेट घाटापर्यंत होती. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, निम्मं वजा करा." बरं, केलं. आणखी निम्मं केलं. तरी माझ्या वेळेला येतील त्याच्या दसपट उरतात. झाडू बनवणारे होते, वेल्डिंगवाले होते, चामड्याचे पट्टे शिवणारा तो बुटका होता, आणि एक केटरिंगवाला तर इतका हंबरडा फोडत होता की लोक त्यालाच सुधाकर भाऊजी समजून धरायला धावले. तुझा खरा नवरा बिचारा बाजूला कोरड्या डोळ्यांनी उभा. तो केटरिंगवाला नाक पुसत मला विचारतो, "आप इनकी कौन?" मी म्हटलं, "जिठानी," म्हणजे मोठी जाऊ. तर म्हणतो, "अच्छा अच्छा! आपके बारे में भी बताती थीं."

त्या 'भी'नं मला घाटावर जेवढं जाळलं तेवढं तुला लाकडांनी जाळलं नसेल.

ही सगळी कोण माणसं ते मला ठाऊक होतं. दर रविवारी विहारात वंदना झाली की तू सतरंजी पसरायचीस, लॅपटॉप मांडीवर घ्यायचीस आणि ज्यांना सरकारी खरेदीच्या दारात कोणी उभं करत नाही त्यांना टेंडर भरायला शिकवायचीस. मी मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि तुझ्या हिंदीतल्या चुका मोजायची. "ये शर्त अपने को लागू होती नहीं," असं तू वर्ध्याच्या थाटात म्हणायचीस आणि अख्खं लखनौ माना डोलवायचं. ज्या शहरात लोक भाजीवाल्याशीसुद्धा अदबीनं भांडतात तिथं तुझी ती आडवीतिडवी हिंदी! आणि मी? मी तीस वर्षं घासून घासून "आप तशरीफ़ रखिए" शिकले, आणि तशरीफ़ ठेवायला माझ्याकडे कोणी आलं नाही.

धंदा पहिला मी काढला. हे तुझ्या शोकसभेत कोणीच बोललं नाही म्हणून इथं लिहिते. इंदिरा नगरच्या माझ्या मागच्या खोलीत दोन मशिनी होत्या तेव्हा तू वर्ध्यात कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचत होतीस. अमीनाबादेत जाऊन कापड कसं घासून बघायचं, दुकानदारानं "बहनजी" म्हटलं की भाव कमी करायचा आणि "माताजी" म्हटलं की दुकान बदलायचं, हे सगळं मी तुला शिकवलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता. बरं, येत होता. पण वाकडा.

पहिलं टेंडरही माझंच. केंद्र सरकारच्या एका हॉस्पिटलला चादरी आणि उशांचे अभ्रे हवे होते, आणि त्यातला काही वाटा आपल्यासारख्यांच्या, म्हणजे अनुसूचित जातीच्या माणसांच्या छोट्या कारखान्यांसाठी राखून ठेवलेला होता. ह्यांनीच ऑफिसातून बातमी आणली. मी फर्मची नोंदणी केली, माहेरचा जातीचा दाखला ट्रंकेतून काढला, आणि मार्केटातल्या सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरून आले. मग घरी पेढे. मग शेजारी पेढे. हॉस्पिटलातला प्रत्येक आजारी माणूस आता माझ्या चादरीवर बरा होणार, असं मी सांगत सुटले.

फॉर्म नाकारला गेला. दाखल्यात एक होतं आणि फॉर्ममधल्या जातीच्या रकान्यात दुसरं. दाखल्यात जात लिहिलेली होती, आणि मी रकान्यात लिहिलं होतं 'बौद्ध'.

त्यावर मी काय भाषण ठोकलं ते तुला आठवत असेल. आपल्या सासऱ्यांच्या वडिलांनी पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली, ते नाव मागे टाकलं, घरी येऊन जुन्या देवांची टोपली नदीला दिली, आणि मी काय चार चादरींसाठी ते नाव परत उचलून आणू? आजोबांची मान खाली घालू? मी बोलत होते आणि ह्यांचे डोळे भरून आले. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी माझी दृष्ट काढली. तू कोपऱ्यात बसून मटार सोलत होतीस. एवढंच म्हणालीस, "ताई, धर्माचा रकाना खाली वेगळा होता. तिथं बौद्ध लिहायचं होतं."

सगळ्यांच्या देखत! दृष्ट काढून झाली होती, मीठमोहऱ्या अजून तव्यावर तडतडत होत्या, आणि ही मटार सोलत मला रकाने शिकवते.

पुढच्या वर्षी तू स्वतःच्या नावानं फर्म काढलीस, स्वतःचा दाखला लावलास, दाखल्यात होतं तेच अक्षर न अक्षर लिहिलंस, आणि ते टेंडर तुला मिळालं. तू सांगायला आलीस तेव्हा बुद्धपौर्णिमा होती आणि माझ्या हातात खिरीची वाटी होती. ती मी तुला दिली नाही. आठवतं? परत आत नेऊन ठेवली.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं. "आजोबांनी टाकलेलं नाव तू कागदावर लिहिलंस."

"आजोबांनी टाकलं कारण त्या नावानं लोक हाकलत होते," तू म्हणालीस. "आता त्याच नावाखाली सरकार एक जागा ठेवतंय. ती मी सोडली तर आजोबांना काय मिळणार आहे?"

"बाजूच्या दारानं घेतात, प्रमिला. बाजूच्या."

"घेऊ दे ना. एकदा आत गेलं की चादर माझी बघतील. नाही आवडली तर परत पाठवतील."

"आणि लोक काय म्हणतील?"

तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस की मला खिरीची वाटी तुझ्यावर ओतावीशी वाटली. "कोणते लोक, ताई?" तू विचारलंस. मी आत गेले आणि पातेलं आपटलं. तो वाद आपला तिथेच राहिला. नंतर आपण बोलायला लागलो, सणाला एकमेकींकडे जेवलो, तुझी अस्मिता माझ्या मांडीवर मोठी झाली. पण तो प्रश्न आपल्या दोघींच्या मध्ये पाट मांडून बसलेलाच होता.

तुझं काम वाढत गेलं आणि मी मशिनी झाकून ठेवल्या. सांगायला कारणं पुष्कळ होती: गुडघे, ह्यांची बदलीची धास्ती, विजेचा भाव. खरं कारण एकच, की माझ्या आधी तुझं नाव आलं. आणि तुझी ती बैठकीची गोष्ट! टेंडर निघण्याआधी खातं एक बैठक बोलावतं, ज्यांना शंका आहेत त्यांनी विचाराव्यात म्हणून. तू गेलीस. सगळे पांढऱ्या शर्टातले मोठे पुरवठादार, बाई तू एकटी. दारातच एकानं ट्रे तुझ्या हातात दिला, "भाभीजी, चाय उधर रख दीजिए." तू ठेवलास. सगळ्यांना एकेक कप दिलास, साखर विचारलीस, आणि शेवटचा कप घेऊन टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत स्वतः बसलीस. मग म्हणालीस, "साहब, इतना बड़ा टर्नओवर मांगा है. चादर बिछानी है कि पुल बांधना है?" आणि पर्समधून नियमाचा कागद काढलास, की छोट्या कारखान्यांना ही अट माफ आहे असं सरकारनंच लिहून ठेवलंय. साहेबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि अट बदलली.

मला ही गोष्ट तुझ्या तोंडून ऐकताना काय झालं सांगू? दाढ दुखते ना, तसं. काही गोष्टी माझ्यासाठीच जन्माला आलेल्या असतात आणि चुकून दुसऱ्याला घडतात. ही तशी होती. तू ती सांगितलीस कशी, तर वीज बिल वाचल्यासारखी! दोन मिनिटांत संपवलीस आणि विचारलंस, "ताई, चिवड्यात डाळं घालू?"

म्हणून मी ती घेतली. आज कबूल करते. इंदिरा नगरच्या किटी पार्टीत ती मी माझी म्हणून सांगितली. माझ्या गोष्टीत चहा एका पुरवठादाराच्या पांढऱ्या शर्टावर सांडतो, साहेब उठून मला स्वतःची खुर्ची देतात, आणि शेवटी मुख्य सचिव जिन्यापर्यंत सोडायला येतात. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या शुक्लाबाईंनी तर मला मिठी मारली. मी ती गोष्ट नंतर लग्नात, डोहाळजेवणात, दंतवैद्याच्या रांगेत, सगळीकडे सांगितली. त्या गोष्टीतला मुख्य सचिव हळूहळू मंत्री झाला.

आता ऐक. शुक्लाबाई परवा भेटायला आल्या होत्या. तुझ्याकडे त्या पडदे शिवायला टाकायच्या, हे मला माहीतच नव्हतं. म्हणाल्या, "एक बार मैंने प्रमिला से कहा था, तुम्हारी जिठानी बड़ी हिम्मतवाली हैं, मंत्रीजी के सामने क्या जवाब दिया! तो हँसकर बोली, हाँ, वो तो हैं ही, हम सबने उन्हीं से सीखा है."

प्रमिला, हा काय प्रकार? किती वर्षांपूर्वीचं हे! इतकी वर्षं तुला ठाऊक होतं की मी तुझी गोष्ट पळवली, आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस. दिवाळीला आलीस, चिवडा खाल्लास, माझे पाय दाबून दिलेस. एवढा मोठेपणा दुसऱ्याच्या नकळत करणं याला मी दुष्टपणा म्हणते. मला भांडायला जागाच ठेवली नाहीस. शुक्लाबाई गेल्यावर मी बाथरूमचा नळ सोडून रडले, आणि रडतानासुद्धा मला तुझा हेवा वाटत होता, की हे मला सुचलं नसतं.

तर आता मीही एक सांगते. हे वाढवून सांगत नाही, त्यामुळे छोटं होईल.

लखनौत आम्ही आलो तेव्हा पहिलं घर भाड्याचं होतं. मालकिणीनं चौथ्या दिवशी विचारलं, "आप लोग कौन हैं?" मी एकवीस वर्षांची, मी सरळ सांगितलं. जयभीम म्हणतो त्या घरातली मुलगी, मला त्यात लपवायचं काय ते माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून आमच्या पाण्याच्या वेळेला टाकी रिकामी असायची. तिनं एकही वाईट शब्द काढला नाही. "बेटी, मोटर ख़राब है," एवढंच. दोन महिने मी कोपऱ्यावरच्या हापशावरून पाणी आणलं, पोटात पहिलं बाळ होतं. ते राहिलं नाही. पाण्यामुळे गेलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाला नाही.

मग आम्ही इंदिरा नगरला आलो. इथं आमचं आडनाव कोणालाच कळत नव्हतं. नागपुरात आडनाव सांगितलं की समोरचा मनात लगेच जागा ठरवतो, इथं लोक म्हणायचे, "मराठी हैं? अच्छा, वाह!" केवढी चैन होती ती! मला तिची चटक लागली. कोणी विचारलं तर "हम मराठी हैं" एवढंच सांगायचं आणि पुढे एक लांबलचक गोष्ट लावून द्यायची, म्हणजे समोरचा मूळ प्रश्न विसरतो. माझ्या थापा लोकांना गंमत वाटतात. त्यांची सुरुवात तिथून आहे.

आणि त्या सायबर कॅफेत फॉर्म भरायला जो बसला होता तो शुक्लाबाईंचा भाचा होता. त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं, "आंटी, कास्ट?" मागे दोन पोरं उभी होती. माझ्या पिशवीत दाखला होता, त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "बौद्ध लिखो." दाखला मी त्याच्या हातात दिला नाही, घडी करून स्कॅनरखाली स्वतः ठेवला.

आजोबा मला त्या क्षणी आठवलेच नाहीत, प्रमिला. आजोबांना मी नंतर, फॉर्म नाकारला गेल्याचं कळून घरी येताना, रिक्षात बसवून आणलं.

तुला हे सांगायला हवं होतं. तू "कोणते लोक, ताई?" विचारलंस त्याचं उत्तर हे होतं. नाही सांगितलं, कारण तुला ती मालकीण भेटली नव्हती. तू आलीस तेव्हा घर आमचं होतं, नळ आमचा होता. तू तुझा जातीचा दाखला फ्रेम करून कारखान्याच्या भिंतीवर लावलास, लोक मुलाची डिग्री लावतात तसा, आणि वर म्हणालीस, "तपासणीवाले सारखे मागतात ताई, शोधत कोण बसणार!" तुला त्याचं काही वाटलंच नाही. तुझ्या चादरींचा, तुझ्या माणसांचा, तुझ्या केसांचा मी हेवा केलाच, पण खरा हेवा याचा. तुला न वाटण्याचा.

आता यातली गंमत पुढे आहे. गेल्या आठवड्यात तुझी रामकली माझ्या दारात आली. तुझ्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून कटिंग करते ती; माझ्याकडे तिनं आजवर "नमस्ते"च्या पुढे कधी काही टाकलं नव्हतं. बरोबर अस्मिता. दोघी सोफ्याच्या टोकावर बसल्या.

रामकली म्हणाली, "बड़ी भाभी, अस्पताल का नया टेंडर सोमवार को बंद होय जाई. अबकी न भरा तो तीन साल कुछ नाहीं."

"मग भरा की," मी म्हटलं.

"मोठी आई," अस्मिता म्हणाली, तुझ्यासारखीच शांत, "मम्मी की फर्म मम्मी के ही नाम पर थी. वो अब नहीं चलेगी. पापा सरकारी नौकरी में हैं, वो नहीं भर सकते. मैं अठारह की नहीं हूँ. आपकी फर्म अभी बंद नहीं हुई, मैंने पोर्टल पर देखा. सर्टिफिकेट भी है आपके पास."

तू गेलीस आणि तुझ्यासोबत तुझी फर्मही गेली. अकरा बायका तुझ्या मशिनींवर बसतात. त्यांच्या घरातले गॅस, फिया, औषधं त्या चादरींवर चालतात. दुसरा कुठला मोठा पुरवठादार त्यांना बोलावेल, पण निम्म्या मजुरीवर, हे रामकलीनं दोन वाक्यांत सांगितलं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? की मला विचारायला आल्या, ते तू नाहीस म्हणून. सदतीस वर्षं या शहरात आहे, माझं दार वाजलं ते दुसरीच्या जागी.

मी म्हटलं, बघते. गुडघे सांगितले. त्या उठल्या. दारात रामकलीनं चप्पल घातली आणि म्हणाली, "प्रमिला भाभी कहत रहीं, कबहूँ हम न रहें तो बड़ी भाभी के पास जायो. ऊ पहिले मना करिहैं."

ऊ पहिले मना करिहैं! म्हणजे माझा नकारही तू आधीच सांगून ठेवलास. माझं स्वतःचं म्हणून काही ठेवशील की नाही?

शनिवारी मी विकास नगरला गेले. ह्यांना सोबत येऊ दिलं नाही. कारखान्यात अकराही मशिनी चालू होत्या, माझ्या येण्यानं एकही थांबली नाही. माझ्या गोष्टीत पुढे कधी हे आलं तर सगळ्या उभ्या राहिल्या असं मी सांगेन, तू मनावर घेऊ नकोस. अस्मितानं लॅपटॉप उघडला. फर्मचं नाव. मालकाचं नाव. महिला, होय. मग तिनं मान वर केली. तिलाही ठाऊक होतं, या घरात या रकान्यावरून काय झालंय ते.

"मोठी आई, कास्ट में क्या लिखूँ? मम्मी वही लिखती थीं जो सर्टिफिकेट में है."

मशिनींचा आवाज असा की हळू बोलून चालतच नाही. मी पदर खोचला, आवाज काढला आणि म्हटलं, "महार लिही. आणि खाली धर्मात बौद्ध."

लखनौत हा शब्द मी दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटला, प्रमिला. पहिल्यांदा म्हटला तेव्हा एकवीस वर्षांची होते. मी थांबले. काहीतरी होईल म्हणून सगळ्यांकडे बघितलं. काही झालं नाही. रामकलीनं कात्रीवरून नजरसुद्धा उचलली नाही. म्हणाली, "हम तौ पहिले दिन से जानित है. हम खुदै पासी जात कै हन, भाभी. ई शबाना की अम्मा तो हमरे हाथ का अचार बीस बरस न खाइन, अब माँग-माँग के खात हैं. लिखौ बिटिया, आगे लिखौ."

शबाना मशीनवरून ओरडली, "अम्मा को तेल से परहेज था, रामकली! झूठी!" आणि सगळ्या हसल्या. इतकी मोठी गोष्ट माझ्या आयुष्यातली, आणि ती लोणच्यात संपली. मला राग आला. मग मलाही हसू आलं.

पुढे नमुना. टेंडरासोबत फर्मनं शिवलेली एक चादर द्यावी लागते, ती तपासून मगच पुढचं. रामकलीनं तुझ्या शेवटच्या लॉटमधली एक काढून ठेवली होती. मी म्हटलं, नाही. फर्म माझी, तर चादर मी शिवणार. मला वाटलं होतं, निदान या एका जागी तरी तू नसशील. मशीनवर बसले, गुडघा कण्हला, कडेची दुमड घातली, टीप मारली, चारही कोपरे पूर्ण केले आणि ऐटीत रामकलीपुढे टाकली.

तिनं चादर उजेडाकडे धरली. एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग ब्लेडनं माझी टीप उसवायला लागली.

"काय झालं?"

"कोना मोटा होय गवा. मरीज के गाल में गड़ी." टोचेल म्हणे. आणि वर, न विचारता, "प्रमिला भाभी ई पास न करतीं."

तू गेल्यापासून मला इतकं कोणी खरं बोललं नव्हतं. मी चादर तिच्या हातातून ओढून घेतली, पुन्हा दुमडली, पुन्हा टीप मारली. तिनं पुन्हा उसवली. अस्मिता घड्याळाकडे बघायला लागली. तिसऱ्या वेळी मी तोंड बंद ठेवून शिवलं, आणि तू कशी कोपरा आधी नखानं दाबून घ्यायचीस ते आठवून तसंच केलं, चोरून, कोणी बघत नाही असं पाहून. तुझ्याकडून आणखी एक घेतलं. लिहून ठेव.

रामकलीनं तिसऱ्यांदा चादर उजेडाकडे धरली. चारही कोपरे बघितले, घडी घातली, पाकिटात सरकवली आणि वर माझ्या फर्मची चिठ्ठी लावली. अस्मितानं बटण दाबलं. निकाल पुढच्या महिन्यात.

रामकली "छान" म्हणाली नाही. तुला म्हणायची. मी ऐकलंय, दारामागे उभं राहून, कितीदा तरी.